पहिला गेमिंग पीसी जुळवताना

नीट, जेईई आटोपली की लातूरच्या कितीतरी घरांत एक विषय निघतो: गेमिंग पीसी. मुलगा सुट्या भागांची यादी पुढे ठेवतो आणि खालचा आकडा बघून वडील गप्प होतात. मुलाची हौस मला मुळीच गैर वाटत नाही. स्वतः भाग निवडून, जोडून यंत्र चालू करण्यात जे शिकायला मिळतं ते कुठल्या क्लासमध्ये मिळत नाही. अडचण असते ती यादीत. सगळ्यात वर महागडं ग्राफिक्स कार्ड आणि उरलेल्या पैशांत बाकीचं सगळं, अशी ती लिहिलेली असते.

यादी मॉनिटरपासून लिहायला घ्या. १०८० पी म्हणतात त्या पडद्यावर जवळपास २१ लाख ठिपके असतात, फोर-केच्या पडद्यावर ८३ लाख, म्हणजे चौपट. हे सगळे ठिपके प्रत्येक चित्रासाठी नव्याने रंगवायचे काम कार्डाचं. पहिल्या पीसीला १०८० पीचा, १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर भरपूर झाला. तो ठरला की कार्ड किती ताकदीचं हवं हे आपोआप ठरतं.

आता खरी गोष्ट. गोळी कुठे लागली, कोण कुठे वळलं, हा हिशेब प्रोसेसर करतो, आणि त्यावरून चित्र रंगवतं कार्ड. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला साधारण १७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हवी असतील तर जेमतेम सात. समजा कार्ड पाच मिलिसेकंदांत मोकळं झालं, पण प्रोसेसरला बारा लागले. मग चित्र बारा मिलिसेकंदांनीच येणार. कार्ड उरलेला वेळ नुसतं बसून राहणार आणि पैसे मात्र पूर्ण गेलेले. खेळानुसार हे पारडं बदलतं. व्हॅलोरंटसारख्या खेळात भार प्रोसेसरवर जास्त, सायबरपंकसारख्यात कार्डावर. म्हणून मुलाला आधी विचारा, तू खेळणार काय?

सहा कोअरचा रायझन ५ ५६०० किंवा आय-फाइव्ह १२४००एफ आणि सोबत आरटीएक्स ४०६० च्या तोडीचं कार्ड, ही १०८० पीसाठी समतोल जोडी आहे. इंटेलच्या नावामागे एफ असेल तर त्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही. रॅम सोळा जीबी, पण आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्या, म्हणजे दोन्ही वाटांनी माहिती वाहते. डीडीआर-४ ची पट्टी डीडीआर-५ च्या खाचेत बसत नाही, तेव्हा मदरबोर्ड पाहूनच रॅम मागा. डिस्क एसएसडीच हवी.

आणि आता एसएमपीएस. काटकसर करायची म्हटली की लोकांचा हात पहिला इथेच जातो, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महागात पडणारी काटकसर. भिंतीतली २३० व्होल्टची वीज प्रत्येक भागाला पेलेल अशी करून देणारा हा डबा. कॅबिनेटसोबत जवळपास फुकट मिळणारा डबा चाळीस हजारांच्या भागांना लावू नका. ४०६० कार्ड स्वतः ११५ वॅट घेतं, तरी कंपनी पूर्ण यंत्रासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. तेवढ्या वॅटचा, ८० प्लसचं प्रमाणपत्र असलेला, नावाजलेल्या कंपनीचा घ्या. घरातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. खेळ रंगात असताना लाइट गेली तर तो तग धरेलच असं नाही, हेही लक्षात असू द्या.

आपल्याकडे अर्थिंगकडे कुणी बघत नाही. जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथली जमीन मे महिन्यात किती वाळते हे तुम्हाला सांगायला नको. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी ओता. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर पीसी बंद करा आणि आधी वायरमन बोलवा.

उन्हाचंही तसंच. पंखे कितीही लावा, आतले भाग खोलीपेक्षा थंड होत नाहीत. खोली हिवाळ्यात २२ अंशांवर आणि मे महिन्यात ४२ वर असेल, तर आतलं तापमानही जवळपास तेवढंच चढतं, आणि फार तापलेला प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. म्हणून पुढून काच असलेलं देखणं कॅबिनेट सोडा, जाळीचं घ्या. जाळीमागचं धुळीचं फिल्टर काढून धुता येतं का, हे दुकानातच उघडून बघा. रंगीबेरंगी दिवे शेवटी, पैसे उरले तर.

पालकांना एक विनंती. मुलाची यादी नाकारण्याआधी त्याच्यासोबत बसून ती वाचा, आणि एसएमपीएसच्या ओळीपुढची रक्कम सगळ्यात आधी तपासा.