गाडी रात्री कुठे उभी असते?

(नाशिकच्या वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

पत्रिकेत माझा विषय ‘प्लग-इन हायब्रिड की इलेक्ट्रिक?’ असा छापला आहे. आयोजकांनी तो सरळ मनाने छापला; मी तो तितक्या सरळपणे हाताळणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. कोणती गाडी घ्यावी याचं उत्तर हवं म्हणून जे आले असतील, त्यांना ते मिळेल, पण वळसा घेऊन. हायब्रिड म्हणजे काय, बॅटरी कशी काम करते, हे सगळं इथे बसलेल्यांना पाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही. एकच खुलासा करतो, कारण शोरूममध्येही त्यावर गोंधळ होतो. २०२२ साली आलेली ग्रँड व्हिटारा किंवा त्यामागोमाग आलेली इनोव्हा हायक्रॉस यांचा जो हायब्रिड प्रकार आहे, त्याला प्लग नाही. त्यातली वीज शेवटी पेट्रोलमधूनच तयार होते. प्लग-इन हायब्रिड म्हणजे जिला भिंतीतली वीजही लागते आणि पंपावरचं पेट्रोलही. पन्नास-साठ किलोमीटर विजेवर, पुढे इंजिनावर. कागदावर यासारखी शहाणी गाडी नाही. रोजचा शहरातला फेरा विजेवर, मुंबईला किंवा सप्तशृंगीला जायचं तर पेट्रोल आहेच. मग युरोपात तिच्या नावाने बोटं का मोडतात?

युरोपात २०२१ पासून नव्या गाड्यांमध्ये प्रत्यक्ष किती इंधन जळलं याची नोंद ठेवणारी यंत्रणा बसवलेली असते. त्या नोंदी एकत्र करून युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचं प्रत्यक्षातलं उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्यापेक्षा सुमारे २० टक्के जास्त निघालं. तेवढं आपण ‘कंपनी सांगते त्यापेक्षा अ‍ॅव्हरेज कमीच’ म्हणून गृहीतच धरतो. प्लग-इन हायब्रिडचं मात्र सरासरी साडेतीन पट निघालं. साडेतीन टक्के नव्हे, साडेतीन पट! यात यंत्राचा दोष फारसा नाही. प्रयोगशाळेने धरलं होतं की माणूस रोज गाडी चार्जिंगला लावेल, आणि माणूस लावत नव्हता. विशेषतः कंपनीने दिलेल्या गाड्या. पेट्रोलचं कार्ड कंपनीचं, घरची वीज मात्र स्वतःच्या खिशातली. अशा परिस्थितीत वायर कोण हातात घेणार? ब्रिटनमध्ये तर अशा काही गाड्या परत आल्या तेव्हा चार्जिंगची केबल मूळ वेष्टनातच होती म्हणतात. २०१८ साली तिथल्या सरकारने या गाड्यांचं अनुदान बंद करून टाकलं. हसताय तुम्ही, पण आपल्याकडे याहून वेगळं झालं असतं असं छातीठोकपणे कोण सांगेल?

आता उलट बाजू. अमेरिकेत २०१० च्या डिसेंबरात जनरल मोटर्सची शेव्हरोले व्होल्ट आली, याच जातीची. तिथे एका मोठ्या सरकारी प्रकल्पात व्होल्टच्या मालकांचा वापर मोजला, तर जवळजवळ तीन चतुर्थांश अंतर विजेवर कापलेलं दिसलं. तत्त्व तेच, निकाल उलटा. फरक काय होता? त्या प्रकल्पात भाग घेणाऱ्यांच्या घरी चार्जर बसवून दिलेला होता, गाडी त्यांच्या स्वतःच्या गॅरेजमध्ये उभी राहत होती आणि पेट्रोलचे पैसेही त्यांचे स्वतःचे होते. माझं आजचं म्हणणं या दोन दाखल्यांच्या मधे उभं आहे. प्लग-इन हायब्रिडची गुणवत्ता बॉनेटखाली शोधून सापडत नाही. ती गाडी रात्री जिथे उभी राहते, तिथल्या भिंतीत आहे. ती भिंत नसेल, तर प्लग-इन हायब्रिड म्हणजे दीडदोनशे किलोची बॅटरी विनाकारण वाहून नेणारी पेट्रोलची गाडी. आणि ती भिंत असेल तर, इथे मंडळी नाराज होतील, पण बहुतेक नाशिककरांना इंजिनाची गरजच उरत नाही.

ते कसं, पाहा. पार्किंगमध्ये साधा पंधरा अँपिअरचा पॉइंट आहे, ज्यावर आपण गिझर चालवतो तसला. त्यातून तासाला सुमारे तीन युनिट मिळतात. रात्री आठ तास गाडी लावली तर चोवीस युनिट. छोटी इलेक्ट्रिक गाडी एका युनिटमध्ये सहा किलोमीटर जाते असं हात राखून धरलं, तरी दीडशेच्या आसपास किलोमीटर झाले. इंदिरानगरहून सातपूर, तिथून गंगापूर रोड, संध्याकाळी पंचवटी आणि परत घरी, यात तीस किलोमीटरही होत नाहीत. म्हणजे रोज पाच युनिट, दोन तासांचं काम. युनिटला दहा-बारा रुपये धरले तर किलोमीटरला दोन रुपये. पेट्रोलची गाडी पंधराचं अ‍ॅव्हरेज देत असेल आणि पेट्रोल शंभरच्या पुढे असेल, तर सात. या हिशेबात फास्ट चार्जर कुठेच येत नाही, याकडे लक्ष द्या. वर्तमानपत्रांत महामार्गावरच्या चार्जरचे फोटो येतात, पार्किंगमधल्या पॉइंटचा फोटो कोणी छापत नाही.

‘पण घाट?’ मागून आवाज आला तो मला ऐकू आला. नाशिकमध्ये या विषयावर बोलायचं आणि कसारा घाट टाळायचा, हे शक्य नाही. तर त्याचंही गणित करू. कसाऱ्याहून इगतपुरीला चढताना गाडी साधारण तीनशे मीटर वर येते. सोळाशे किलोची गाडी तीनशे मीटर उचलायला शाळेतल्या सूत्राप्रमाणे सव्वा ते दीड युनिट लागतं. म्हणजे ज्या घाटाची एवढी धास्ती, तो बॅटरीतून आठ-दहा किलोमीटर जास्तीचे खातो, एवढंच. उतरताना मोटर उलट वीज तयार करते आणि त्यातला बराच भाग परत येतो. हा गुण प्लग-इन हायब्रिडमध्येही आहे, तिचं श्रेय मी काढून घेत नाही.

घाटाचा विषय निघालाच आहे तर इगतपुरीला जरा थांबतो. आगगाड्या तिथे थांबायच्याच, आणि का थांबायच्या हे इथल्या ज्येष्ठांना सांगायला नको. मुंबईकडून इगतपुरीपर्यंत १९३० च्या सुमारास विजेच्या तारा आल्या, त्या १५०० व्होल्टच्या डीसी प्रवाहाच्या. घाट सदतीसला एक चढणीचा, वाफेच्या इंजिनांचा दम काढणारा. विजेची गरज आधी तिथेच होती. इगतपुरीच्या पलीकडे वाफच राहिली. पुढे अनेक वर्षांनी भुसावळच्या बाजूनेही तारा आल्या, पण त्या २५,००० व्होल्टच्या एसी प्रवाहाच्या. झाली पंचाईत. अलीकडचं इंजिन पलीकडे चालेना, पलीकडचं अलीकडे. मग इंजिन बदला, डबे जोडा, तोवर प्रवाशांनी फलाटावर उतरून वडे खा. यावर उपाय म्हणून दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिनं निघाली. मध्य रेल्वेवर नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलं ते भेलने बांधलेलं डब्ल्यूसीएएम-३. एकाच सांगाड्यात दोन जगांची सामग्री. इंजिन म्हणून उत्तम होतं, त्याला नावं ठेवणारा रेल्वेवाला मला माहीत नाही. पण त्याची सगळी किंमत ती सीमा तिथे असण्यावर अवलंबून होती. रेल्वेने मुंबईकडचा डीसी प्रवाह टप्प्याटप्प्याने एसी केला, २०१६ मध्ये ते काम मध्य रेल्वेवर पूर्ण झालं, आणि त्या इंजिनातल्या अर्ध्या सामग्रीला काम उरलं नाही. इगतपुरीची कटकट कायमची संपली ती तार बदलल्यावर. दुहेरी इंजिनाने ती थोडी सुसह्य केली होती, इतकंच. आता तुम्ही म्हणाल, मधली वर्षं ते उपयोगी पडलंच ना? पडलं. पण रेल्वेकडे इंजिनही होतं आणि तारही. आपण दहा-बारा वर्षांसाठी कर्ज काढून प्लग-इन हायब्रिडचं दुहेरी इंजिन घेतो आणि तार सोसायटीच्या ताब्यात असते.

आयोजकांची पहिली चिठ्ठी आली आहे. इगतपुरीला गाडी ठरल्यापेक्षा जास्त थांबली, कबूल. उरलेले आक्षेप भराभर घेतो.

दोन यंत्रं एका गाडीत असली की निर्धास्तपणा येतो, हा पहिला. येतो खरा, पण दोन यंत्रांची देखभालही येते. ऑइल, फिल्टर, सायलेन्सर हे सगळं राहतंच. व्होल्टमध्ये तर इंजिन दीडेक महिना चालू झालं नाही, तर ते आपणहून थोडा वेळ सुरू व्हायचं, तेल फिरावं म्हणून. आणि टाकीतलं पेट्रोल वर्षभर तसंच राहिलं तर ते शिळं होण्याआधी जाळून टाकायचं. ज्याने गाडी नेमाने विजेवर चालवली त्याला मिळालेली ही बक्षिसी! दुसरा आक्षेप एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राचा. आपली वीज कोळशाची, मग धूर गंगापूर रोडवरून उचलून एकलहऱ्याला नेऊन टाकला, एवढंच ना? हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. देशाच्या ग्रीडमधल्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो. तारांतली आणि चार्जिंगमधली गळती धरली, तर इलेक्ट्रिक गाडीचा किलोमीटरमागचा आकडा आजच्या घडीला पेट्रोल गाडीच्या थोडाच खाली येतो. फार खाली नाही. जे याहून मोठं काही सांगतात ते विक्री करत असतात. मात्र आज घेतलेली पेट्रोल गाडी दहा वर्षांनीही लिटरमागे तेवढाच धूर सोडेल, ग्रीड तोवर बदललेलं असेल. आणि हा आक्षेप प्लग-इन हायब्रिडच्या बाजूने वापरता येत नाही, तीही त्याच ग्रीडवर जेवते.

तिसरा आक्षेप समोरच्या रांगेतून चेहऱ्यांवरच वाचतो आहे. सातपूर-अंबडची मंडळी आहेत. नाशिकने डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर घडवून पोट भरलं, आमच्या कित्येक घरांवर ‘मायको’ कारखान्याची कृपा आहे, आणि हे गृहस्थ गोदाघाटावर बसून इंजिनाचं श्राद्ध घालतायत! नाही हो. ट्रक, ट्रॅक्टर यांचं इंजिन इतक्यात जात नाही. मी घरच्या मोटारीबद्दल बोलतो आहे. आणि प्लग-इन हायब्रिडलाही एक खरा गिऱ्हाईक मी इथेच दाखवतो. निफाड किंवा दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार. घर स्वतःचं, गाडी अंगणात, म्हणजे रात्रीची भिंत आहे. रोज बाग, गाव, बाजार समिती. मधेच सुरगाण्याला, मधेच धुळ्याला, आणि घरची वीज कधी जाईल याचा नेम नाही. त्याला दोन्ही हवं, त्याला ते शोभेल. पण आपल्याकडे या जातीच्या गाड्या आल्या त्या २०१५ ची बीएमडब्ल्यू आय-८, २०१६ ची व्होल्व्हो एक्ससी-९० अशा. ज्याच्या कामाची त्याच्या ऐपतीची नाही. कररचनाही तशीच बोलते. १ ऑगस्ट २०१९ पासून इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के. हायब्रिडवर, २२ सप्टेंबर २०२५ च्या नव्या दरांनंतरही, लहान गाडीला १८ आणि मोठीला ४०. समृद्धीवर टोलमाफी इलेक्ट्रिक गाडीला, हायब्रिडला नाही.

दुसरी चिठ्ठी. म्हणजे आता ज्यासाठी आलो ते. सोसायटी. ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलं की गाडी चार्ज करून देण्याला वीज कायद्याखाली परवाना लागत नाही, आणि २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी घरच्या जोडणीवर गाडी चार्ज करायची मोकळीक दिली. कायद्याची अडचण फारशी नाही. अडचण वार्षिक सर्वसाधारण सभेची आहे, जिथे हा विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ यात शेवटी येतो आणि तोवर चहा आलेला असतो. लोड झेपणार नाही, म्हणतात. वीस गाड्या एकदम लावल्या तर साठ किलोवॅट, हे खरं. पण प्रत्येकीला रोज पाच युनिट लागतात. वीस गाड्यांची शंभर युनिट आठ तासांत वाटली, तर बारा-तेरा किलोवॅट. त्याला वेळापत्रक लागतं, नवा ट्रान्सफॉर्मर लागेलच असं नाही. आग लागेल, म्हणतात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडलात तर लागेलही. म्हणूनच स्वतंत्र एमसीबी, आरसीसीबी, नीट अर्थिंग आणि प्रत्येकाचा सबमीटर असा ठराव करा, आणि तो परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. खर्च गाडीच्या रंगासाठी आपण जास्तीचे देतो त्यापेक्षा फार वेगळा येणार नाही.

जुन्या नाशकातल्या वाड्यांना आणि सिडकोतल्या घरांना हे लागू पडत नाही, तिथे गाडी रस्त्यावर असते आणि वायर लोकांच्या पायात येईल. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या भाडेकरूलाही नाही. त्याने भिंतीला खिळा मारला तरी मालक फोन करतो. त्यांच्यासाठी दुसरी भिंत शोधावी लागेल, आणि ती सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आहे. गाडी आठ तासांची पाळी संपेपर्यंत तिथे उभी असते, दिवसा असते, आणि शेडच्या पत्र्यावर सौर पॅनेल बसवायला जागा असते. तिथे साध्या पॉइंटची एक रांग टाकायला काय हरकत आहे, हे युनियनने मागावं की व्यवस्थापनाने आपणहून करावं, यावर समोरच्या रांगेचं मत मला ऐकायचं आहे. तिसरी चिठ्ठी यायच्या आत माईक तिकडे द्या.