एका कोयत्यातली दोन माणसं

गाळप हंगाम आला की माळशिरस तालुक्यातल्या श्रीपूरच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून म्हणतात 'एक कोयता'. आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, बहुधा नवऱ्याच्या हाती. मोळ्या बांधून डोक्यावरून वाहणारी बाई हिशेबात वेगळी दिसतच नाही. स्त्री-अभ्यासाचा पहिला तास मला या फडातूनच सुरू करावासा वाटतो. विषय परका नाहीच. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक १८८२ सालचं. १९७४मध्ये नीरा देसाईंच्या पुढाकारानं मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात देशातलं पहिलं स्त्री-अभ्यास केंद्र उभं राहिलं. या विषयाच्या वर्गात मुलगेही हवेतच. त्यांना गृहपाठ द्यावा: आईची पहाटेपासूनची कामं लिहा, प्रत्येकासमोर मजुरी मांडा.