बालदमा आणि दूषित हवा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



अन्नावाचून मनुष्य काही आठवडे तग धरू शकतो, पाण्यावाचून काही दिवस. हवेवाचून मात्र काही मिनिटेही नाही. अन्न निवडून घेता येते, पाणी गाळून व उकळून घेता येते. हवा जशी मिळेल तशीच घ्यावी लागते. मोठ्या माणसाला घर, रस्ता किंवा बाहेर पडण्याची वेळ बदलण्याचे थोडेफार स्वातंत्र्य असते. बालकाला तेही नसते. ज्या घरात ते जन्मले आणि ज्या शाळेत त्याचे नाव घातले, तेथील हवा हीच त्याची हवा. म्हणून बालकांच्या दम्याचा विचार करताना केवळ बालकाची प्रकृती पाहून भागत नाही, त्याच्या भोवतालची हवाही पाहावी लागते.

दमा म्हणजे नेमके काय?

दमा हा श्वासनलिकांचा दीर्घकाळ चालणारा विकार आहे. या नलिकांच्या आतील अस्तराला सौम्य सूज असते आणि ते अतिशय संवेदनशील झालेले असते. धूळ, धूर, परागकण, थंड हवा किंवा साधी सर्दी एवढे निमित्त पुरते. नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात, अस्तर अधिक सुजते, चिकट कफ साठतो आणि हवेची वाट अरुंद होते. मग छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो, रात्री व पहाटे खोकल्याची उबळ येते, खेळताना धाप लागते.

येथे भौतिकशास्त्राचा एक साधा नियम लक्षात घेण्यासारखा आहे. संथपणे वाहणाऱ्या हवेसाठी नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर प्रवाहाला होणारा विरोध दुप्पट नव्हे, सोळा पट होतो. मोठ्या माणसाच्या रुंद श्वासनलिकेत थोडी सूज आली तर खोकल्यावर निभावते. बालकाच्या मुळातच अरुंद असलेल्या नलिकेत तेवढीच सूज त्याचा जीव कासावीस करते.

बालकांनाच अधिक त्रास का?

वजनाच्या मानाने पाहिले तर बालक प्रौढापेक्षा कितीतरी अधिक हवा श्वासावाटे घेते. ते धावते, खेळते आणि अशा वेळी तोंडाने श्वास घेते. त्यामुळे नाकातील नैसर्गिक गाळणीचा लाभ त्याला मिळत नाही. त्याची उंची कमी असल्याने वाहनांच्या धुरांड्याच्या पातळीशी त्याचे नाक अधिक जवळ असते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याची फुफ्फुसे अजून घडत असतात. जन्मानंतर वायुकोशांची संख्या वाढत जाते आणि फुफ्फुसांची वाढ तारुण्यात पदार्पण करेपर्यंत चालू राहते. घडणीच्या काळात झालेली हानी पुढे आयुष्यभर सोबत राहू शकते.

हवेतील सर्व धूळ सारखी नसते. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ बहुतांशी नाक व घसा अडवतो. खरा धोका आहे तो २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कणांचा. माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याएवढे हे कण थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. डिझेल व पेट्रोलचा धूर, कोळसा, लाकूड आणि कचऱ्याचे ज्वलन हे त्यांचे मुख्य उगम. त्यांच्या जोडीला वाहनांतून बाहेर पडणारा नायट्रोजन डायऑक्साइड आणि सूर्यप्रकाशात तयार होणारा ओझोन हे वायू श्वासनलिकांचे अस्तर प्रक्षुब्ध करतात.

लंडनमधील एक बालिका

या विषयाची चर्चा बहुधा आकड्यांतच अडकते. परंतु एका बालिकेच्या मृत्यूने त्या आकड्यांना चेहरा दिला. एला अडू-किसी-डेब्रा ही लंडनच्या आग्नेय भागातील लुइशम येथे राहणारी मुलगी. तिचे घर साउथ सर्क्युलर या अतिशय वर्दळीच्या रस्त्यापासून तीस मीटरच्या आत होते. सहाव्या वर्षापर्यंत ती धडधाकट होती. २०१० च्या अखेरीस तिला दम्याचा त्रास सुरू झाला. पुढील सव्वादोन वर्षांत जवळजवळ तीस वेळा तिला रुग्णालयात न्यावे लागले. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी, वयाच्या नवव्या वर्षी तिचा मृत्यू झाला.

२०१४ च्या पहिल्या न्यायालयीन चौकशीत मृत्यूचे कारण तीव्र दम्यामुळे श्वसन बंद पडणे असे नोंदले गेले. तिच्या आईचे, रोझामंड यांचे, समाधान झाले नाही. निरोगी मुलीला एवढा दमा जडला कशामुळे, हा त्यांचा प्रश्न होता. प्राध्यापक स्टीफन होलगेट यांनी एलाच्या रुग्णालयातील नोंदी आणि परिसरातील हवामापन केंद्रांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. प्रदूषण उसळण्याचे काळ आणि तिच्या आजाराचा उद्रेक यांचा संबंध त्यांना दिसून आला. या अहवालाच्या आधारे २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने पहिला निष्कर्ष रद्द केला. १६ डिसेंबर २०२० रोजी मृत्यु-चौकशी अधिकारी फिलिप बार्लो यांनी निर्णय दिला आणि श्वसनक्रिया बंद पडणे व तीव्र दमा यांच्या जोडीला ‘वायुप्रदूषणाशी आलेला संपर्क’ हे मृत्यूचे कारण म्हणून नोंदवले. ब्रिटनमध्ये असे प्रथमच घडले.

त्या निर्णयातील आणखी एक बाब प्रत्येक आईवडिलांनी ध्यानी घ्यावी अशी आहे. दूषित हवेमुळे मुलीचा दमा बळावू शकतो, ही माहिती तिच्या आईला कोणीही दिली नव्हती. ती मिळाली असती तर आईने काही उपाय योजले असते आणि कदाचित मृत्यू टळलाही असता, असे त्या अधिकाऱ्यांनी नमूद केले. औषधे होती, रुग्णालये होती, मायाही होती. उणीव होती ती एका माहितीची.

हवा सुधारली तर काय होते?

येथे निराशेचे कारण नाही. १९९६ मध्ये अमेरिकेतील अटलांटा येथे ऑलिंपिक स्पर्धा भरल्या. गर्दी टाळण्यासाठी शहराने बसगाड्या वाढवल्या आणि खासगी मोटारींवर निर्बंध घातले. स्पर्धेच्या सतरा दिवसांत सकाळच्या गर्दीच्या वेळची वाहतूक सुमारे २२ टक्क्यांनी व ओझोनचे कमाल प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले. त्याच काळात शासकीय आरोग्य योजनेतील बालकांच्या दम्याच्या तातडीच्या उपचारांत सुमारे ४२ टक्क्यांची घट नोंदली गेली. त्या दिवसांत आसपासच्या प्रदेशांतही ओझोन कमी झाला होता, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवले. त्यामुळे सारे श्रेय वाहतुकीलाच देता येत नाही.

दक्षिण कॅलिफोर्नियातील दीर्घकालीन अभ्यास अधिक भक्कम आहे. तेथे १९९० च्या दशकापासून हजारो शालेय मुलांची वर्षानुवर्षे तपासणी होत गेली. दरम्यान कठोर नियमांमुळे हवा क्रमाक्रमाने सुधारली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, फुफ्फुसांची क्षमता अपेक्षेच्या ८० टक्क्यांहून कमी असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलांचे प्रमाण ७.९ टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. २०१९ च्या अहवालात, नायट्रोजन डायऑक्साइड व सूक्ष्म कण कमी झाले तेथे नव्याने दमा जडण्याचे प्रमाणही घटल्याचे आढळले. दमा आनुवंशिक असतो हे खरे. पण बीज रुजण्यास जमीन लागते, आणि दूषित हवा ही ती जमीन आहे.

आपल्या अंगणात

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी मर्यादा प्रति घनमीटर ५ मायक्रोग्रॅम सुचवली. भारताने २००९ मध्ये ठरवलेली मर्यादा ४० आहे. म्हणजे शासकीय निकषात बसणारी हवाही बालकाला निर्धोक असेलच असे नाही.

महाराष्ट्रात हिवाळ्यात वारे मंदावतात. जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली अडकते आणि धूर व धूळ वर जाऊ शकत नाही. मुंबईला समुद्रवाऱ्यांचे वरदान असूनही या काळात धुरके दाटते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महानगरपालिकेने बांधकामांसाठी उंच पत्र्यांचे कुंपण, पाण्याची फवारणी व झाकलेली मालवाहतूक यांचे नियम जारी केले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. प्रदूषण केवळ मोठ्या कारखान्यांतून येत नाही, रोजच्या पावाच्या भट्टीतूनही येते, हे यावरून कळावे.

घरातील हवेकडे तर सहसा लक्षच जात नाही. चुलीचा धूर, विडी-सिगारेट, डास पळवणाऱ्या कॉईल, बंद खोलीतील धूप व उदबत्ती हे सारे बालकाच्या छातीत जाते. श्रद्धेला धुराची गरज नाही. दमेकरी मूल असलेल्या घरी दिव्याची ज्योत पुरेशी मानावी.

आईवडिलांचे कर्तव्य

हवा सुधारेपर्यंत मुलाचा उपचार थांबवता येत नाही. इन्हेलरविषयी समाजात अजून अढी आहे. त्याची सवय लागते, तो शेवटचा उपाय आहे, मुलीच्या हाती दिसला तर पुढे विवाहात अडचण येईल, अशा समजुतींपायी कित्येक बालके रात्री उशाला बसून काढतात. वस्तुतः इन्हेलरमधील औषध थेट श्वासनलिकेत पोहोचत असल्याने त्याची मात्रा गोळीच्या तुलनेत अत्यल्प, मायक्रोग्रॅममध्ये असते. त्याचे व्यसन लागत नाही. लहान मुलांसाठी स्पेसर जोडावा आणि स्टिरॉइडयुक्त औषधानंतर चूळ भरावी. सूज कमी करणारे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्यावे. बरे वाटले म्हणून परस्पर बंद करू नये. मूल एक वाक्य सलग बोलू शकत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधील जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा तातडीच्या औषधाने उतार पडत नसेल, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

रोज हवेचा निर्देशांक पाहावा. तो दोनशेच्या वर असेल त्या दिवशी मैदानी खेळ टाळावा. मात्र दमा आहे म्हणून मुलाला खेळापासून कायमचे दूर ठेवू नये. नियंत्रणात असलेला दमा खेळाच्या आड येत नाही. शाळेत चालत जाताना हमरस्ता सोडून आतील रस्ता निवडला, तरी बराच धूर टळतो. साधा रुमाल बांधल्याने सूक्ष्म कण अडत नाहीत, हेही ध्यानी ठेवावे.

संस्थांनी काय करावे?

एका कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे काम समाजाला करता येते. शाळेच्या दाराशी थांबलेल्या वाहनांची इंजिने बंद ठेवण्याचा दंडक घालता येतो. मिरवणुकीत व वरातीत फटाके वाजवणार नाही असा ठराव करता येतो. आवारातील पालापाचोळा जाळण्याऐवजी त्याचे खत करता येते. वसतिगृहे व शाळांमध्ये दमा असलेल्या मुलांची नोंद, तातडीचा इन्हेलर आणि तो देता येणारा किमान एक शिक्षक असावा. गरजू कुटुंबांना औषधांसाठी साहाय्य आणि आईवडिलांसाठी वर्षातून एक मार्गदर्शन शिबिर, एवढे केले तरी अनेक घरांतील रात्री निर्वेध होतील.

लंडनमधील त्या मातेला जी माहिती वेळेवर मिळाली नाही, ती आज या सभागृहातील प्रत्येकाजवळ आहे. ती शेजारच्या घरी पोहोचवणे फारसे कठीण नाही. पाणी गाळून पिण्याचा संस्कार पिढ्यान्‌पिढ्या जपला गेला. हवा न बिघडवण्याचा संस्कार या पिढीने घालून द्यावा, हीच अपेक्षा.