सीमेपलीकडची हाक



मध्ययुगीन महाराष्ट्राच्या श्रद्धेत जीवन आणि मृत्यू यांमधील सीमा अभेद्य नव्हती. तिचे पहिले प्रमाण आळंदीत आहे. शके १२१८, म्हणजे इ. स. १२९६ मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानदेवांनी इंद्रायणीकाठी समाधी घेतली. नामदेवांच्या नावावरील समाधीच्या अभंगांत निरोपाचा आकांत आहे. चितेचा अग्नी मात्र नाही. ज्ञानदेव तेथे आजही विराजमान आहेत, ही वारकऱ्यांची श्रद्धा. म्हणूनच ती 'संजीवन समाधी'.

सुमारे तीन शतकांनंतर एकनाथांचा कंठ दुखू लागला. अजानवृक्षाची मुळी गळ्यास लागली आहे, ती दूर करावी, असे ज्ञानदेवांनी त्यांना स्वप्नात सांगितले, अशी कथा आहे. नाथ आळंदीस आले. पुढे शके १५०६ मध्ये, इ. स. १५८४ च्या सुमारास, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. समाधिस्थ पुरुष जिवंतांकडे कार्य मागतो, हे या कथेचे मर्म होय.

याहून हृदयस्पर्शी कथा चोखोबांची. इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम कोसळले आणि त्याखाली चोखोबा इतर मजुरांसह गाडले गेले. त्यांच्या अस्थी ओळखाव्या कशा? ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला, त्या नामदेवांनी चोखोबांच्या म्हणून उचलल्या, असे परंपरा सांगते.

या कथेचे धैर्य लक्षात घ्यावे. रूढीने मृताच्या अस्थींना अशौच मानले होते आणि चोखोबांच्या जन्मालाही विटाळ मानला होता. त्या अस्थी नामदेवांनी कानाशी धरल्या. नामापुढे मृत्यूचा आणि जन्माचा, दोन्ही विटाळ गळून पडले. पंढरपुरात महाद्वारासमोर चोखोबांची समाधी झाली.

परंतु ती द्वारासमोर झाली. ज्यांना चोखोबांच्या जातीचे म्हणून दूर लोटले, त्या जिवंत माणसांसाठी हे द्वार पुढेही बंदच राहिले. ते उघडावे म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावे लागले. मृत अस्थींतील नाम ऐकल्याचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाला जिवंत माणसाची हाक ऐकू येण्यास सहाशे वर्षे लागली. चोखोबांच्या समाधीपुढे मस्तक टेकविताना प्रत्येकाने एवढे स्मरण अवश्य ठेवावे.