वेड की वेडाचा शिक्का?

कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज १८७१ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसले, तेव्हा ते जेमतेम आठ वर्षांचे होते. पुढे इंग्रजांनी त्यांना वेडं ठरवलं आणि अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. तिथं २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली आणि विशीतले महाराज गेले.

या प्रकरणात टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, हे आपण शाळेत शिकतो. पण आजार नेमका कोणता होता, हे विचारतो का? आजचा डॉक्टर आधी अपस्माराची शंका घेईल, मग थायरॉइड, मेंदूज्वर, उन्माद. ईईजी काढेल, एमआरआय करायला सांगेल. हरियाणात मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात जिवंत माणसाच्या मेंदूचं कामकाज पडद्यावर पाहता येतं. महाराज गेले तेव्हा साधा एक्स-रेसुद्धा बारा वर्षं दूर होता! डॉक्टरांच्या हाती होती ती फक्त वागणूक, आणि तीही पहाऱ्यातली. एकटेपणा, झोपेचं खोबरं, सततची दहशत यांनी धडधाकट तरुणही बिथरतो. म्हणून कोंडल्यानंतरच्या लक्षणांवरून आधीचा आजार ठरवणं मला तरी पटत नाही.