सायकलचा दिवा: आधी मागचा, मग पुढचा



माझ्या वयाच्या पुणेकरांना सायकलचा डायनामो आठवत असेल. तो टायरला टेकवला की घरघर सुरू व्हायची, पाय जड पडायचे आणि चौकात थांबलं की दिवा विझायचा. जिथे दिवा सर्वांत जास्त हवा, तिथेच आपण अंधारात! चार्जिंगच्या दिव्यांनी ती अडचण मिटवली. आता अडचण आहे निवडीची, आणि तीच सोडवायला मी आज उभा आहे.

माझं म्हणणं असं, की खर्च बेताचा असेल तर मागचा लाल दिवा आधी घ्या. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारी मोटार सेकंदाला सुमारे १४ मीटर पुढे येते. आपण दिसल्यावर चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा. तेवढ्यात २१ मीटर संपले. गाडी थांबायला आणखी पंधरा-वीस मीटर लागतात, ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. म्हणजे चाळीस मीटरवर दिसणं हे उशिराच दिसणं झालं. समोरचा खड्डा रस्त्यावरच्या दिव्यात निदान अंधूक दिसतो. पाठीमागे मात्र आपल्याला डोळे नाहीत.

एका जुलैत मी भर पावसात घरी निघालो होतो. मागचा दिवा उत्तम, पूर्ण चार्ज केलेला. सिग्नलला शेजारी थांबलेला रिक्षावाला म्हणाला, "काका, मागचा दिवा झाकलाय तुमचा." रेनकोटचा घोळ सीटवरून खाली लोंबत होता आणि दिवा त्याच्या आत लागलेला होता. तेव्हापासून माझा दिवा सीटखाली नसतो, कॅरियरच्या मागच्या टोकाला असतो.

आता पुढचा दिवा. खोक्यावर लुमेनचा आकडा मोठा छापलेला असतो. लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो रस्त्यावर पडतो की समोरच्याच्या डोळ्यांत जातो, हे त्यातून कळत नाही. जर्मनीत सायकलच्या दिव्याचा झोत वरच्या बाजूने कापलेला असावा, असा नियम आहे. आपल्याकडे दुकानात असा दिवा मिळाला तर तोच घ्या. परीक्षा सोपी आहे. भिंतीपासून पाच मीटरवर सायकल उभी करा. उजेडाचा प्रखर भाग दिव्याच्या उंचीच्या खालीच राहिला पाहिजे. डोळे दिपलेला दुचाकीस्वार आपल्याच अंगावर येऊ शकतो.

बॅटरीचा हिशेबही घरी करता येतो. २६०० मिलिअँपिअर-तासांचा, ३.७ व्होल्टचा एक लिथियम सेल साधारण साडेनऊ वॉट-तास देतो. एका वॉटमागे १०० लुमेन धरले तर ४०० लुमेनचा दिवा सव्वादोन ते अडीच तास चालेल आणि १००० लुमेनचा तासभरही नाही. एकाच सेलच्या दिव्यावर 'हजार लुमेन' आणि 'दहा तास' असं दोन्ही लिहिलेलं असेल, तर त्या दोन गोष्टी एकाच वेळी मिळणार नाहीत. शहरात येण्याजाण्याला ३०० ते ४०० लुमेन पुरतात.

पावसासाठी किमान आयपीएक्स ४ ही खूण पाहा. चारही बाजूंनी उडणारं पाणी तो दिवा सोसतो. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण घट्ट बसतंय ना, तेही दुकानातच तपासा. दिवा उन्हात तापला असेल तर निवल्यावरच चार्जिंगला लावा. सेल फुगला की तो दिवा वापरायचा नाही आणि कचऱ्याच्या डब्यातही टाकायचा नाही. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायचा.

मे महिन्यात पुण्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात सहालाच. मे महिन्यात उजेडात घरी पोचणारा माणूस डिसेंबरात अंधारात सायकल चालवत असणार. म्हणून एक विनंती करतो. आज रात्री घरच्या कुणाला तरी तुमच्या सायकलच्या मागे शंभर पावलांवर उभं करा. तुम्ही रोजचा रेनकोट घाला, रोजची पिशवी कॅरियरला लावा आणि विचारा, "लाल दिवा दिसतोय का?" उत्तर 'नाही' आलं, तर दिव्याची जागा उद्या निघण्यापूर्वी बदला.