पाठ फिरवलेला किनारा



मुंबईकराला समुद्र कोठे आहे असे विचारले, तर तो मरीन ड्राइव्ह नाही तर गिरगावची चौपाटी दाखवील. सूर्यास्त तिकडे, भेळ तिकडे, बाप्पाचे विसर्जनही तिकडेच. परंतु ज्या समुद्राने या बेटांचे महानगर केले, तो पूर्वेकडचा. पावसाळ्यातील पश्चिमेचे उधाण शहराच्या भूमीवरच अडते आणि पलीकडे, कुलाब्यापासून शिवडीपर्यंत, जहाजांना आडोसा मिळतो. म्हणून बंदर तेथे झाले. बंदराभोवती भिंती उभ्या राहिल्या आणि भिंतीआडचा किनारा हळूहळू शहराच्या मनातूनही गेला.

1736 मध्ये लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी कारागीर सुरतेहून मुंबईस आले. 1750 मध्ये येथे सुकी गोदी उभी राहिली. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचे, ओहोटीला पाणी उतरले की दरवाजे लावायचे आणि कोरड्यावर त्याच्या बुडाचे काम करायचे, अशी ही व्यवस्था. मुंबईच्या भरती-ओहोटीतील मोठा फरक तिच्या पथ्यावर पडला. मलबारचा साग ही दुसरी जमेची बाजू. इंग्लंडच्या ओक लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागातील तेल उलट त्यांचे रक्षण करते. नेपोलियनशी झुंजताना ब्रिटिश आरमाराला ओकची टंचाई भासली, तेव्हा युद्धनौकांची मागणी थेट वाडियांकडे आली.

त्यांतील ‘कॉर्नवॉलिस’ 1813 ची. पहिल्या अफू युद्धानंतर, 1842 मध्ये, चीनला मान तुकवावी लागली तो नानकिंगचा तह याच नौकेवर झाला. अभिमान अवश्य बाळगावा; मात्र हात आपल्या कारागिरांचे होते आणि तोफा परक्यांच्या, हे विसरू नये. त्या अफूतील बराच माल माळव्यातून मुंबईमार्गेच जात असे, हेही सांगितले पाहिजे.

दुसरी ‘ट्रिंकोमाली’, 1817 ची. जमशेदजी बमनजी वाडियांनी ती बांधली. ही नौका आजही तरंगते आहे! इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तिचा जीर्णोद्धार झाला आणि लोक तिकीट काढून मुंबईचे सुतारकाम पाहतात. ती जेथे जन्मली ती गोदी नौदलाच्या आवारात आहे. सुरक्षेसाठी तेथे मज्जाव असणे समजण्यासारखे आहे. पण हार्टलपूलच्या शाळकरी मुलाला जे ठाऊक आहे, ते लालबागच्या मुलाच्या कानावरही पडू नये काय?

1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला, 1873 मध्ये पोर्ट ट्रस्ट आला. मग ससून, प्रिन्सेस, व्हिक्टोरिया, अलेक्झांड्रा अशा गोद्या एकामागून एक झाल्या. नावे पाहिली तर सगळी धनिकांची आणि राजघराण्याची. घाटावरून आणि कोकणातून येऊन कापसाच्या गाठी पाठीवर वाहणाऱ्यांचे नाव एकाही गोदीला मिळाले नाही. अपवाद जवळच्या एका धक्क्याचा. तो बांधणारे भाऊ अजिंक्य लोकांच्या तोंडी राहिले, म्हणून ‘भाऊचा धक्का’ राहिला.

14 एप्रिल 1944 च्या दुपारी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. एकाच जहाजात कापूस आणि स्फोटके भरली होती. युद्धकाळाच्या घाईलाही हा निष्काळजीपणा माफ होऊ शकत नाही. आगीचे बंब पोहोचले, जवान पाणी मारीत राहिले आणि चारच्या सुमारास जहाज फुटले. काही वेळाने दुसरा, आणखी भीषण स्फोट झाला. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. मृतांची एकूण संख्या कित्येक शेकड्यांत. मुंबईत पुढे गप्पा रंगल्या त्या मात्र जहाजातून उडालेल्या सोन्याच्या विटांच्या. देशभर 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, तो या जवानांसाठी, हे किती जणांना माहीत असते?

1989 मध्ये न्हावाशेवा सुरू झाले, कंटेनर खाडीपार गेले. गोदी कामगारांची गजबज ओसरली आणि शेकडो हेक्टर जमीन एकदम सर्वांच्या डोळ्यांत भरली. 2018 मध्ये तिच्या विकासाच्या आराखड्याचा मसुदाही आला. किनारा खुला व्हावा, यात दुमत नाही. प्रश्न आहे तो कोणासाठी. पहाटे ससून डॉकवर मासळीच्या लिलावात पाटी डोक्यावर घेऊन उभी असलेली कोळीण, भाऊच्या धक्क्यावर रेवसची लाँच गाठायला धावणारा चाकरमानी, दारूखान्यात जुनी जहाजे तोडून पोट भरणारा मजूर, यांची जागा नकाशावर आधी आखून घ्यावी. सागरतीरावरच्या सदनिकांसाठी जागा शोधणारे पुष्कळ आहेत. त्यांची काळजी कोणाला करावी लागणार नाही.